दुसऱ्याच्या शिव्या वाचायचं काम

माझ्याइतक्या शिव्या या जिल्ह्यात कुणी वाचल्या नसतील. ऐकण्याचा विषय वेगळा. ऐकण्यात एसटीच्या कंडक्टरला कोण हरवणार, आणि मी तीस वर्षं कंडक्टर होतो, फुलंब्रीवरून पिशोरला जाणाऱ्या गाडीवर. त्या गाडीत बाजाराच्या दिवशी मी एकशे बारा माणसं, चार बकऱ्या आणि एक नवरदेव आणलाय. नवरदेव टपावर होता आणि मुंडावळ्या ड्रायव्हरच्या काचेवर लोंबत होत्या. पण ते सगळं ऐकणं झालं. वाचण्याचं काम मला निवृत्तीनंतर मिळालं. बिनपगारी, दर रविवारी सकाळी दहा ते एक.

त्याचं असं झालं. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, कुणीही लिहावा आणि कुणीही खोडावा असा. आमच्या शहरात तो मराठीतून लिहिणारी पाचसहा माणसं आहेत. कुणाला छदाम मिळत नाही. पान साधं असलं, सीताफळाचं, करडईचं, तर लिहिणाऱ्याला कुणी विचारत नाही. पण पान जातीचं असलं, देवळाचं किंवा दर्ग्याचं असलं, एखाद्या चौकातल्या पुतळ्याचं असलं, की लिहिणाऱ्याच्या सात पिढ्या बाहेर निघतात. आमच्या शहराच्या नावाचंच बघा. जुनं घ्या नाहीतर नवं घ्या, तोंडातून निघालं की रिक्षात मागं बसलेली दोन माणसं सरसावून बसतात. मी आपला 'स्टँड' म्हणतो. कुठं चाललात? स्टँडवर. कुठून आलात? स्टँडवरून. भांडण नाही.

ही लिहिणारी माणसं टीव्ही सेंटरकडं एका बंद पडलेल्या शिकवणीवर्गाच्या खोलीत रविवारी जमतात. तिथल्या फळ्यावर अजून एक गणित अर्धं सोडवलेलं आहे आणि ते पुसायचं धाडस कुणी करत नाही. कोशातली माणसं, पुसायचं म्हटलं की आधी चर्चा करतात. मला त्यांनी बोलावलं ते गावांची माहिती विचारायला. कंडक्टरला गावं पाठ असतात असा त्यांचा समज, आणि मी तो मोडला नाही. तिसऱ्या रविवारी मात्र शहागंजातल्या औषधाच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे भाई म्हणतात, माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"मास्टर, तुमची कातडी जाड दिसते," ते म्हणाले.

"गेंडा माझ्याकडून उसनी न्यायचा," मी म्हणालो.

"हौ. मग तुमच्यासाठी काम आहे."

त्या मंडळींचा एक नियम होता. ज्याला शिव्या आल्या त्यानं त्या वाचायच्या नाहीत. दुसऱ्यानं वाचायच्या. हा नियम कुणी पुस्तकातून काढला नव्हता, तो एका माणसाला गमावून शिकलेला होता. त्यांच्यात एक बँकेतला कारकून होता, फार बारकाईनं लिहिणारा. एका दर्ग्याच्या पानावर त्यानं एक वाक्य बदललं आणि महिनाभर त्याला जे आलं ते तो डबा खाता खाता वाचत राहिला, एक न सोडता. महिन्यानंतर त्यानं दर्ग्याचं पान तर सोडलंच, पण भेंडीच्या पानावरसुद्धा लिहीना. भाई म्हणाले, "आदमी चांगला होता. आम्ही त्याला हिंमत दे, हिंमत दे म्हणत बसलो. अरे, हिंमत कायकू? त्याच्या हातातून फोन घ्यायला पाहिजे होता."

तेव्हापासून ही रीत. आणि त्या रीतीत मी नेमला गेलो.

मी रेघांची वही केली. तीन रकाने. पहिला 'ओरड', म्हणजे नुसता आरडाओरडा, तो मोजायचासुद्धा नाही. दुसरा 'धमकी'. ती तारखेसकट टिपायची, फोटो काढून ठेवायचा आणि पोलिसात जायची वेळ आली तर कागद तयार असावा म्हणून भाईंकडं द्यायची. तिसरा रकाना सगळ्यात अवघड, 'मुद्दा'. कारण शिव्यांच्या गाडीभर कडब्यात कधी कधी एक कणीस असतं. शिवी देणारा माणूस खरंही बोलत असतो, आणि ते खरं बाजूला काढून, धुऊन, ज्याला शिवी दिली त्याच्या हातात ठेवायचं असतं. 'आज तुम्हाला चाळीस आल्या, त्यातली एक बरोबर आहे, तुम्ही गावाचा तालुका चुकवलाय', एवढंच सांगायचं. हे काम मी इतकं छान करत होतो की माणसं म्हणायची, मास्तरांकडून शिवी ऐकली की कपडे इस्त्रीला देऊन आणल्यासारखं वाटतं. असं एकच जण म्हणाला होता, पण म्हणाला होता.

आता बाईंचं सांगतो. बाई फुलंब्रीच्या. तिथून रोज शहरात एका खासगी शाळेवर शिकवायला येतात, जातात. माझ्याच गाडीनं त्यांनी कॉलेज केलं म्हणे. मला आठवत नाही, त्यांना मी आठवतो आणि ते काही कौतुकानं नाही. "कंडक्टरला मास्तर म्हणतात ते मला कधी पटलं नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं. "खरी मास्तरीण मी आहे." कोशात त्या टोपणनावानं लिहायच्या. सहा वर्षं लिहीत होत्या, जिल्ह्यातल्या जुन्या विहिरी, बारवा, तळी यांच्यावर. पायऱ्या, कमानी, कोनाडे. बारवेच्या पानावर भांडण होईल असं कुणाला वाटेल?

फुलंब्री सोडून पिशोरच्या रस्त्याला लागलं की आत एक गाव आहे. नाव सांगत नाही, गावानं पुरेसं सोसलंय. त्या गावच्या बारवेच्या पानावर एक वाक्य होतं: ही बारव गावच्या पाटलांच्या पूर्वजांनी बांधली आणि 'पाण्याला जात नसते' असं म्हणून पहिल्या दिवसापासून सगळ्या जातींना खुली केली. वाक्याला संदर्भ म्हणून आमच्या एका जुन्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीतला एक लेख दिलेला. बाईंनी तो लेख बघितला. लेखकाचं नाव नाही, 'एक प्रवासी' एवढंच. कुठला कागद नाही, कुणाची साक्ष नाही. दुसरा आधार शोधला, मिळाला नाही. मग त्यांनी चर्चेच्या पानावर तसं लिहिलं, पंधरा दिवस वाट पाहिली आणि वाक्य काढलं. सगळं नियमानं.

ते वाक्य गावात बारवेवर बोर्ड करून लावलेलं आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

चार दिवसांत कुणीतरी टोपणनावामागची बाई शोधून काढली. एका कार्यशाळेतला फोटो, खाली नाव. नावापुढं आडनाव. आणि आपल्याकडं आडनाव कळलं की पुढचं वाचायची लोकांना गरज नसते. बाई बौद्ध आहेत. मग काय, 'यांना सगळीकडं जातच दिसते', 'गावात भांडणं लावतात', 'एवढं चांगलं वाक्य कुणी खोडतं का'. बाईंनी लिहिलेलं सगळं एका बाजूला राहिलं आणि बाईच पान झाल्या. शाळेकडं तक्रार गेली की शिक्षिका इतिहास बदलतात. संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावून सांगितलं: पुढच्या बुधवारी मीटिंग आहे, तिथं हमीपत्र द्या की यापुढं इंटरनेटवर काहीही लिहिणार नाही. नाहीतर संस्थेला विचार करावा लागेल.

त्या रविवारी बाई फळ्याखाली बसून होत्या, आणि मला तोवर कुठल्याशा बारवेवरून भांडण आहे एवढंच ठाऊक होतं. फोन त्यांनी माझ्या हातात दिला.

"सही करणार?" भाईंनी विचारलं.

"घरी दोघं म्हणतात कर, एक म्हणतो नको कर. तो एक सातवीत आहे."

"तुमी काय म्हणता?"

"मी म्हणते, मी चुकले असेन तर सही करीन." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मास्तर, नीट वाचा. यात खरा मुद्दा असेल तर लपवू नका. माझं चुकलं असेल तर मला कळू द्या. नोकरीपेक्षा मला तेच आधी कळायला पाहिजे."

मी खिडकीपाशी खुर्ची नेली, चष्मा लावला आणि वाचायला बसलो. ओरड, ओरड, ओरड. एक धमकी, टिपली. ओरड. माणसं शिव्यांतसुद्धा किती आळशी असतात. आमच्या गाडीतल्या म्हाताऱ्या बायका एका श्वासात यापेक्षा चांगल्या द्यायच्या. आणि मग एक शांत माणूस आला. त्यानं शिवी दिलीच नव्हती. त्यानं लिहिलं होतं, 'बाई, हे छापून आलेलं आहे. आमच्या आजोबांनी कात्रण जपून ठेवलंय. हेही खोटं का?' खाली कात्रणाचा फोटो.

मी फोटो मोठा केला. 'बारवेला ओठ असते तर तिनं हाक मारली असती', अशी लेखाची सुरुवात होती.

अहो, असली सुरुवात सबंध महाराष्ट्रात एकच माणूस करू शकतो. मी.

नोकरीत असताना मी त्या पुरवणीत लिहायचो, 'एक प्रवासी' नावानं, कारण खात्याला कळलं असतं तर आमच्या डेपो मॅनेजरनं मला कारकुनीला बसवलं असतं. कितीतरी लेख लिहिले. सगळे गाडीत, वेबिलाच्या, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाच्या, पाठकोऱ्या बाजूवर. त्या गावाशी एकदा टायर पंक्चर झालं, दुसरी गाडी यायला तीन तास, पाटलांच्या ओट्यावर बसलो. त्या वेळचे म्हातारे पाटील एवढंच म्हणाले होते की बारव आमच्या खापरपणज्यानं बांधली असं ऐकतो. बाकीचं मी रचलं. तो खापरपणजा बारवेच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून, ओंजळीत पाणी घेऊन, 'पाण्याला जात नसते' असं म्हणाला. तो बिचारा कधी काय म्हणाला असेल देव जाणे, पण हे वाक्य माझ्या गाडीत, फुलंब्री ते शहर या टप्प्यात जन्मलं. मला ते इतकं आवडलं होतं की मी ड्रायव्हरला वाचून दाखवलं. ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, तुमच्यासारखं पाटलाला बोलता आलं आसतं तर त्यो आमदार झाला आसता."

आता माझी वही माझ्या मांडीवर होती. तीन रकाने. आणि हे चौथ्या रकान्यातलं होतं.

खोटं सांगणाऱ्या माणसाविषयी लोकांचा एक गैरसमज असतो की त्याला खोटं सांगायला सोपं जातं. मला त्या दिवशी काही सांगायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं 'मुद्दा काही नाही' म्हणायचं होतं, आणि तेही खोटं ठरलं नसतं. बाईंचं बरोबरच होतं, मी ते शपथेवर सांगू शकत होतो. या पृथ्वीवर ते मीच एकटा सांगू शकत होतो. हेच मला खुपत होतं. सबंध मुलखात एकच साक्षीदार आणि त्याच्याच हातात शिव्यांची वही.

"काय निघालं?" बाईंनी विचारलं.

"अजून वाचतोय," मी म्हणालो. हे मात्र खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी पिशोरची गाडी धरली. प्रवासी म्हणून. पासावर. कंडक्टर नवा होता, त्यानं मला मागं सरकायला सांगितलं आणि मी सरकलो. गावात उतरून बारवेवर गेलो. बोर्ड चांगला होता, निळ्यावर पांढरी अक्षरं, माझं वाक्य, आणि खाली पाटलांच्या खापरपणज्याचं नाव. माझ्या लेखात मी त्याला नाव दिलं नव्हतं. गावानं दिलं होतं. मी तिथं उभा असताना एक म्हातारी शेळ्या घेऊन आली. भीमनगरातली. बोर्डाकडं मी बघतोय म्हणून थांबली.

"वाचता येतंय का?" तिनंच मला विचारलं.

"येतं."

"मलाबी वाचून दाखवला व्हता, लावला तवा. लई चांगलं हाय." ती शेळीला हाकलत म्हणाली. "पर असं कोन म्हनलं व्हतं, आमाला तर कळलंच नाय. आमी वरच्या कठड्यापाशी घागर घिऊन हुबं ऱ्हायचो. कुनी वरून वतलं तर वतलं. माझी माय सासरी आली तवापून वतायचेच. म्या ल्हान व्हते, मला वाटायचं पानी वरूनच येतं."

मी बोर्ड पुन्हा एकदा वाचला. मग सांगून टाकलं. म्हणालो, "आजी, ते वाक्य मी म्हणालो होतो. पाटलांनी नाही."

तिनं मला वरून खाली बघितलं.

"तू? मंग पानी वताया का नाय आलास तवा?"

"तवा मी जन्मलोच नव्हतो."

"मंग गप बसायचं व्हतं," ती म्हणाली आणि शेळ्यांमागं गेली.

परतीच्या गाडीत मला एवढं उमजलं. मी आयुष्यभर गोष्टी फुगवल्या, पण माझ्या मते त्या हवेनं फुगलेल्या होत्या, कुणाच्या अंगावर पडल्या तरी लागायच्या नाहीत. चांगल्या बाजूनं फुगवलेली गोष्ट तर कुणाला लागणार? मी गावाला मोठं केलं होतं. पाटलाला दयाळू केलं होतं. पण त्या दयेखाली ती घागर घेऊन उभी राहिलेली सगळी माणसं बुजून गेली. मी एक वाक्य लिहिलं आणि कठड्यापाशी कुणी उभंच नव्हतं असं झालं. बाईंनी ते वाक्य काढलं तेव्हा त्यांनाही ती माणसं माहीत नव्हती. त्यांना एवढंच दिसलं की याला आधार नाही. तेवढ्या कोरड्या नियमानं म्हातारीची जागा मोकळी झाली, आणि माझ्या ओल्या शब्दांनी ती अडवली होती. ही गोष्ट मला अजून नीट गिळता येत नाही.

संध्याकाळी थेट शहागंजात गेलो. बाई तिथंच औषध घ्यायला येणार होत्या. काउंटरच्या अलीकडं मी, पलीकडं भाई, बाजूला बाई, आणि मी एका दमात सगळं सांगितलं. काही न वाढवता, म्हणून चार मिनिटांत संपलं.

भाईंनी कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटं उगाचच सरळ लावली.

बाई म्हणाल्या, "काल तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"काल मी विचारलं, काय निघालं म्हणून."

"हो."

"मला शिव्या देता येतात, मास्तर. फुलंब्रीची आहे मी. पण तुम्हाला दिलेल्या शिव्या वाचून दाखवायला आता माणूस कुठून आणायचा?" आणि पिशवी उचलून निघाल्या.

मी मागून म्हणालो, "बाई, मी कोशात स्वतः लिहितो ना, की ते मी रचलं होतं."

त्या थांबल्या नाहीत. भाईंनी उत्तर दिलं. "तुम बोले सो कौन मानता, मास्टर? तिथं माणसाची जबान चालत नाही. छापील लागतं. कल कोई आकर बोला मी औरंगजेब आहे, तर लिहायचं का?"

म्हणजे गंमत बघा. माझं खोटं छापलेलं होतं म्हणून ते आधार झालं. माझं खरं तोंडी होतं म्हणून त्याला किंमत नव्हती. मी वाद घालणार होतो, पण तीस वर्षं मी स्वतः तोंडी पास चालवला नव्हता. कागद दाखवा म्हणायचो.

मंगळवारी सकाळी त्या दैनिकाच्या कचेरीत गेलो. ती पुरवणी कधीच बंद पडली, तिचे संपादक वारले. टेबलापाशी एक पोरसवदा मुलगी होती. तिनं ऐकून घेतलं आणि तिला पहिली भीती ही वाटली की मी मानधन मागायला आलोय. मग समजलं तेव्हा दुसरी भीती वाटली.

"काका, म्हणजे आमच्या पेपरनं खोटं छापलं असं आम्हीच छापायचं?"

"तुमच्या पेपरला मी फसवलं, असं छापा."

ती आत गेली, बाहेर आली. "वाचकांच्या पत्रात घेऊ. दीडशे शब्द."

दीडशे. मी नुसता नमस्कार घालायला दोनशे लागणारा माणूस. तिथंच बाकावर बसून लिहिलं. पहिल्या खर्ड्यात पंक्चर झालेलं टायर एवढं मोठं झालं की पाटलांपर्यंत मी पोचलोच नाही. दुसऱ्यात मी स्वतःला इतकं दोषी ठरवलं की वाचणाऱ्याला माझीच दया यावी. ते वाचताना माझ्या लक्षात आलं की ही पण फेकच आहे, नुसती उलट्या दिशेनं. फाडलं. तिसरं लिहिलं. 'एक प्रवासी' या नावानं मी तो लेख लिहिला होता. त्यातलं 'पाण्याला जात नसते' हे वाक्य मी रचलेलं आहे. ते पाटलांच्या घरातल्या कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. बारव सगळ्यांना खुली होती याचा मला कुठलाही पुरावा मिळालेला नव्हता. गावातल्या एका वृद्ध बाईंची आठवण याच्या उलट आहे. खाली माझं खरं नाव. शब्द मोजले तर साठसुद्धा भरले नाहीत. टेबलापाशी बसलेली म्हणाली, "काका, अजून जागा आहे." मी म्हणालो राहू दे.

बुधवारी ते छापून आलं. मीटिंग अकराला होती. मी शाळेच्या गेटवर साडेनऊलाच अंक घेऊन उभा. बाई रिक्षातून उतरल्या, माझ्याकडं बघितलं, अंक घेतला, उभ्या उभ्या वाचला. दोनदा वाचला. मग घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि आत गेल्या. 'आभारी आहे' वगैरे काही नाही, आणि का असावं?

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. आत काय झालं ते मला भाईंकडून कळलं, भाईंना बाईंकडून, त्यामुळं ते जवळपास खरं असावं. अध्यक्षांनी पत्र वाचलं. म्हणाले, "म्हणजे बाई, तुमचं बरोबरच होतं की." बाई म्हणाल्या, हो. अध्यक्ष म्हणाले, तरी पण संस्थेचं नाव येतं, हमीपत्र देऊनच टाका, काय जातंय. बाई म्हणाल्या, "चूक ज्याची निघाली त्याच्याकडून घ्या हमीपत्र. तो बाहेर बाकावर बसलाय."

मी खरोखर बसलो होतो. शिपाई दारातून डोकावून मला बघूनही गेला. आत बोलावतील म्हणून मी शर्टाची बटणं नीट केली. कुणी बोलावलं नाही. विषय पुढच्या मीटिंगवर ठेवला, आणि पुढच्या मीटिंगला आणखी पुढच्यावर. बाईंनी सही केली नाही. नोकरी आहे. पण अध्यक्ष आता त्यांच्याकडं जरा तिरकं बघतात, आणि ते तिरकं बघणं बाईंच्या रोजच्या दिवसात आलं, माझ्या नाही, हेही इथं लिहून ठेवलं पाहिजे.

शिव्या कमी झाल्या म्हणाल तर नाही. निम्म्या माझ्याकडं वळल्या. पाटलांच्या घराण्यातली पोरं म्हणतात मी पैसे खाऊन पलटलो. काही जण म्हणतात एवढी वर्षं गप्प का होतो, आणि हा दुसरा मुद्दा बरोबर आहे. बोर्ड तसाच आहे. कोशातलं वाक्य मात्र परत कुणी घातलं तर आता दाखवायला छापील कागद आहे. भाई आणि आणखी तिघं पाळीपाळीनं त्या पानावर नजर ठेवतात, म्हणजे खोडणारं नाव दर वेळी बाईंचंच दिसत नाही. मला विचाराल तर त्यांना खरी मदत झाली ती या पाळीची. माझं पत्र फार तर एका दिवसाचं होतं.

पुढचे पाच रविवार बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा यायचा तेव्हा माझा कप त्या पुढं सरकवायच्या, पण कपाकडं बघून. सहाव्या रविवारी त्यांनी एक कोरी वही माझ्यासमोर ठेवली.

"त्या पुरवणीत अजून काय काय छापलंय?"

"लई," मी म्हणालो.

"सगळं सांगा. एकेक. खरं कुठलं, ऐकीव कुठलं, रचलेलं कुठलं. कोशात त्यातले अकरा लेख आधार म्हणून लागलेत. मी शोधून काढलेत."

त्या लिहायला बसल्या, मी सांगायला. दौलताबादची सीताफळं गोड का, तर किल्ल्यातल्या हत्तींना तिथं पुरलंय म्हणून. "रचलेलं," मी म्हणालो. बाईंनी लिहिलं. फुलंब्रीच्या बाजारात एका बैलानं तीन वेळा मालक बदलून तिन्ही वेळा पहिल्याच घरी परत येणं. "ऐकीव. बैल खरा होता, तीन मी केले." लिहिलं. भाई मधून मधून मान हलवत होते. असं करत आठव्यावर आलो. पिशोरच्या अलीकडं एक चिंच आहे. तिथं लग्नाची वरात आली की वाजंत्री थांबवतात, सगळे चिंचेच्या पुढं जाईपर्यंत गप्प चालतात, मग पुन्हा वाजवतात. त्या चिंचेखाली कधीकाळी एक नवरी वाट बघत मेली असं मी लिहिलं होतं.

"हे?" बाईंनी विचारलं.

वाजंत्री थांबतात हे मी स्वतः पाहिलंय, अलीकडंसुद्धा. पण लेखाच्या आधी पाहिलं होतं का? कुणी मला सांगितलं आणि मी लिहिलं, की मी लिहिलं आणि मग लोक वाजंत्री थांबवायला लागले? मी आठवून आठवून थकलो. गाडी दिसते, चिंच दिसते, वाजंत्री दिसतात. आधी काय आणि नंतर काय ते दिसत नाही.

"आठवत नाही," मी म्हणालो.

बाईंनी पेन उचललं, त्या गोष्टीपुढं 'माहीत नाही' असं लिहिलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"शनिवारी माझी शाळा सकाळची असते," त्या म्हणाल्या. "दुपारच्या गाडीनं जाऊ. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारू. विचारणार मी. तुम्ही तिथं तोंड उघडायचं नाही."

मी हो म्हणालो.